हरभऱ्याचा हुकूम

वडिवळ्याच्या वाघजाईला बोकड द्यायचा तर दोन घरांवाचून काम चालत नसे. सुरीचा मान मुलाण्याचा, आणि पाण्याचा व मुंडीचा मान हौशीरामच्या घरचा. सुरी फिरण्याआधी बोकडाच्या पाठीवर तांब्याभर गार पाणी ओतायचं आणि वाट बघत उभं राहायचं. बोकडाने अंग झाडलं की कौल मिळाला. नाही झाडलं तर आणखी पाणी, आणखी वाट. एका वर्षी टाकव्याचा एक काळा बोकड न्याहारीपासून उन्हं कलेपर्यंत ओलाचिंब उभा राहिला आणि त्याच्यासोबत सगळं गाव उपाशी. कुणीतरी शहाण्याने त्याच्या कानात फुंकर मारायला तोंड पुढे केलं, तर हौशीरामच्या बापाने, अंबाजीने, त्याला मानगुटीला धरून मागे ओढलं. मुक्या जिवाला आपण विचारलंय, आता उत्तर त्याचं त्याला देऊ दे, एवढंच तो म्हणाला. हौशीराम तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. पोटात कावळे ओरडत होते, पण बापाचं ते बोलणं डोक्यात बसलं ते कायमचं.

अठरा सालच्या तापाच्या साथीत अंबाजी गेला आणि तांब्याचा तांब्या हौशीरामच्या हातात आला. मुंडी फोडण्यात तर तो बापाच्याही पुढे निघाला. बाजारातला खाटीक मुंडी ठोकळ्यावर ठेवून मधोमध सत्तूर घालतो. हाडाचा चुरा भेज्यात आणि अर्धा भेजा ठोकळ्यावर. हौशीराम मुंडी मांडीत घ्यायचा, बोटांनी शिंगांमागची शीव चाचपायचा, कोयतीच्या पाठीने तीन ठोके द्यायचा, आणि कवठ उघडावं तशी कवटी उघडायची. भेजा अख्खा, लोण्याच्या गोळ्यासारखा, परातीत. आजूबाजूच्या चार गावांतून त्याला जत्रांना बोलावणं यायचं ते ह्या तीन ठोक्यांसाठी.

गावाने मात्र त्याचं नाव ठेवलं होतं हौशा घेवडा.

त्याचं असं झालं. बोकडाच्या गुर्द्याजवळ चरबीत दडलेला एक गोळा असतो, घेवड्याच्या दाण्यासारखा. बायका तो चरबीबरोबर ओढून टाकून देतात. हौशीरामला तो निरखायची खोड. निरखता निरखता त्याच्या ध्यानात आलं, की घरच्या गोठ्यात लाडात वाढलेल्या बोकडाचा घेवडा बारीक असतो. आणि आठ-आठ दिवस हाकत आणलेल्या, कुत्र्यांनी पिडलेल्या, मालकाच्या काठीखाली आलेल्या बोकडाचा टपोरा. एकदा बिबट्याच्या तोंडातून सुटलेली एक शेळी दोन महिने त्याच्या गोठ्यात होती. जखम भरली, पण पान हललं तरी ती थरथरायची. तिचा घेवडा निघाला अंगठ्याच्या पेराएवढा. हौशीराम तो तळहातावर घेऊन थेट चावडीवर गेला आणि सांगता झाला, की भ्यालेल्या जिवाचा घेवडा वाढतो.

चावडीवर नथू बसला होता. हा हौशीरामच्याच वयाचा, त्याच्याच आळीतला, आणि जिभेला हाड नसलेला. त्याने तो गोळा उलटापालटा करून बघितला आणि शांतपणे विचारलं, "मंग हौशा, तुज्या लग्नाला पंधरा वर्सं झाली. तुजा घेवडा आता भोपळ्याएवढा असंल न्हवं?"

चावडी हसून आडवी झाली. हौशीरामच्या बायकोच्या, बयाबाईच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने नथूला पाणवठ्यावर गाठून असं काही सुनावलं, की तो आठ दिवस दुसऱ्या वाटेने गेला. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

नावाचं हौशीरामला फारसं काही नव्हतं. त्याला खुपायचं ते वेगळंच. आपण बघितलं ते खरं, की हा नुसता डोक्यातला किडा? बोकड निरनिराळे, वयं निरनिराळी, चारा निरनिराळा. हे त्यालाही कळत होतं. विचारावं तर कुणाला? पंधरा वर्षं तो प्रश्न त्याने तसाच वागवला, उपरण्याच्या गाठीला बांधलेल्या सुपारीसारखा.

अडतीस सालच्या चैत्रात, जत्रेच्या दिवशी, कामशेतहून एक बैलगाडी गावात आली. गाडीत बर्फाचं एक लाकडी खोकं आणि त्या खोक्यावर हात ठेवून बसलेली चष्मा लावलेली एक बाई. ह्या डॉक्टर लीलाबाई. मुंबईच्या कॉलेजात शिकवायच्या, विलायतेला दोन वर्षं राहून आलेल्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर उंदरांना वेळ पुरत नाही म्हणून सांगायच्या. लोणावळ्यात वळवणच्या बाजूला एका बंगल्याचा तबेला त्यांनी उंदरांसाठी घेतला होता. मुंबईच्या घामात त्यांचे ऑपरेशन केलेले उंदीर जगत नव्हते, इथल्या हवेत जगतील अशी आशा. त्यांना बोकडाच्या डोक्यातली एक गाठ हवी होती, ताजी आणि न चेंगरलेली. लोणावळ्याच्या बाजारात सत्तुराखाली ती रोज चिरडायची. तिथल्याच एका खाटकाने कंटाळून त्यांना वडिवळ्याची वाट दाखवली होती.

देवीच्या बोकडाच्या मुंडीत बाहेरच्या बाईचा हात कसा चालेल, म्हणून आधी थोडी कुरकुर झाली. हौशीरामने मुंडी उघडली, भेजा उचलून परातीत ठेवला आणि खालच्या हाडातली वाटी बाईंना दाखवली. त्या वाटीत, झाकण घातल्यासारखा, हरभऱ्याएवढा एक दाणा.

"ह्यो का?" त्याने विचारलं. "ह्यो भेज्यासंगं कदी येत न्हाई. हाडातच ऱ्हातो. कुणी खात न्हाई, देवीबी मागत न्हाई."

कुणाचंच काही जात नव्हतं, तेव्हा कुरकुर थांबली. दुपारपर्यंत एकोणीस हरभरे बर्फात गेले. बाई एका धोंड्यावर बसून भाकरी खात होत्या तेव्हा हौशीराम हात पुसत जवळ जाऊन उकिडवा बसला आणि ह्या दाण्याचं काय करणार म्हणून विचारू लागला. बाईंना सांगायची आवड होती. त्यांनी सांगितलं, की हा हरभरा रक्तात एक रस सोडतो. रस अंगभर फिरतो, पण त्याचं एक ऐकणारं ठिकाण ठरलेलं आहे. गुर्द्याच्या डोक्याशी एक गोळा असतो, माणसाला तो टोपीसारखा असतो. हरभऱ्याचा रस आला की तो गोळा कामाला लागतो, फुगतो. हरभरा काढून टाकला तर तो गोळा बसल्या जागी सुकत जातो.

हौशीरामचे हात पुसायचे थांबले. "म्हंजी घेवडा," तो म्हणाला.

मग त्याने पंधरा वर्षांची सुपारी सोडली. घरचा बोकड, हाकलेला बोकड, बिबट्याची शेळी. मागे नथू होताच. तो भोपळ्याची गोष्ट सांगायला पुढे सरकला, तर बाईंनी हातानेच त्याला गप्प केलं. परदेशात कुणीतरी उंदरांवर असंच काही बघितल्याचं त्यांनी अलीकडेच वाचलं होतं, पण ते खरं की कसं यावर तिकडेही वाद चालू होता. त्या म्हणाल्या, "हौशीरामभाऊ, हे तपासता येईल. भ्यालेल्या जनावराचा गोळा वाढतो का, आणि वाढत असेल तर हरभऱ्याच्या हुकमाने वाढतो का. पण आधी माझं काम. माझा हरभऱ्याचा अर्क लागू पडतो हे दाखवलं, की मग तुमचा प्रश्न."

हौशीरामला तेवढं पुरे होतं. भात झोडून झालं तसा तो लोणावळ्याला गेला. सकाळी बाजारात मुंड्या उघडायच्या, हरभरे स्टेशनावरून आणलेल्या बर्फात घालून बंगल्यावर पोचवायचे आणि दिवसभर तबेल्यात उंदरांचं बघायचं. आधी ह्या कामाला एक गडी होता. पण ऑपरेशननंतर एका दिवशी दोन उंदीर मेले, आणि प्लेग बघितलेला तो माणूस 'उंदीर पडले, उंदीर पडले' म्हणत वळकटी घेऊन जो निघाला तो थेट माळरानावर झोपडी घालूनच थांबला. बयाबाईलाही हे काम पसंत नव्हतं. बाजाराच्या दिवशी नवरा घरी आला, की ती त्याला अंगणातच कढत पाण्याने आंघोळ घालायची आणि पैरण निंबाच्या पाल्यात उकळायची.

तबेल्यात तीन पेट्या होत्या. लाल चिंधीच्या पेटीतल्या उंदरांचा हरभरा काढलेला. उंदराचा हरभरा तो केवढा, मोहरीएवढा. बाई तो घशाच्या बाजूने, भिंगातून बघत, काचेच्या नळीने ओढून काढायच्या. पिवळ्या चिंधीच्या पेटीतल्यांचाही काढलेला, पण त्यांना बोकडाच्या हरभऱ्याचा अर्क रोज टोचायचा. पांढऱ्या चिंधीचे उंदीर धडधाकट. कुणाच्या अंगात काही कमीजास्त केलेलं नाही, ताडून बघायला ठेवलेले, फक्त रोज साध्या पाण्याची सुई, लालवाल्यांसारखीच. तीन आठवड्यांनी तिन्ही पेट्यांतले घेवडे काढून वजन करायचं. उंदराचा घेवडा मुगाएवढा असतो. लालवाल्यांचा सुकायला हवा, पिवळ्यांचा पांढऱ्यांच्या बरोबरीचा राहायला हवा. असं झालं तर अर्क खरा.

जानेवारीत मुंबईहून मोठे डॉक्टर बघायला येणार होते. बाईंची रजा आणि तबेल्याचा खर्च त्यांच्या हातात. त्यांचा शेरा चांगला पडला तर तबेला चालू राहणार आणि हौशीरामच्या प्रश्नाची पाळी येणार. नाही पडला तर उंदीर मुंबईला, बाई मुंबईला, आणि सुपारी पुन्हा उपरण्यात.

म्हणून हौशीराम जिवापाड राबला. पेंढा रोज बदलायचा. गहू निवडून घालायचा. ज्यांचा हरभरा काढलेला ते उंदीर मलूल. केस राठ झालेले, खायला सांगावं लागायचं. त्यांना तो बोटावर दूध चाटवायचा. बाई आठ वाजता सुई घेऊन यायच्या तेव्हा एकेक उंदीर त्याने हातात तयार ठेवलेला असायचा. माझ्या विद्यार्थ्यांना इतकं जमत नाही, असं बाई त्याला म्हणाल्याही.

तीन आठवडे झाले. मोठे डॉक्टर आले. गळ्याभोवती लाल लोकरी मफलर, हातात चहाचा पेला, आणि चेहरा असा, की लोणावळ्याची थंडी बाईंनीच पाडली असावी. उंदीर उघडले गेले. काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर दाणा दाणा वजन झालं. लाल पेटीतले घेवडे सुकून राळ्याच्या दाण्याएवढे. हे बरोबर. पिवळ्यांचे मुगाएवढे. हेही बरोबर. मग पांढऱ्यांचे निघाले, आणि बाई काट्यावर वाकल्या त्या वर बघेचनात. मूग नव्हेत, तुरीचे दाणे.

ऑक्टोबरात बाईंनी अशाच दहा धडधाकट उंदरांची वजनं करून ठेवली होती. तेव्हा सगळे मूग होते. आता जे उंदीर ताडून बघायला ठेवलेले त्यांचंच माप दीडपट. मोठ्या डॉक्टरांनी पेला खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, की हे उंदीर आजारी आहेत. मापच खोटं, तर मापलेलं खरं कसं मानायचं? पिवळे पांढऱ्यांच्या बरोबरीला आले नाहीत. अर्कही कच्चा ठरतो. महिनाअखेर तबेला बंद करावा. बाईंनी वाद घातला नाही.

हौशीराम दाराशी उभा होता. बोलणं अर्धं इंग्रजीत झालं, पण 'बंद' हा शब्द त्याला कळला. त्याची नजर मात्र त्या तुरीच्या दाण्यांवर होती. असे टपोरे घेवडे त्याने जन्मभर बघितले होते. कुत्र्यांनी पिडलेल्या बोकडाचे. बिबट्याच्या शेळीचे. हे उंदीर आजारी नव्हते, भ्यालेले होते. मग ह्यांना कुणी भिववलं? तबेल्यात मांजर नाही, कुत्रं नाही. रात्रंदिवस आपण एकटे.

आणि त्याची नजर खिडकीतल्या, घरून आणलेल्या तांब्याकडे गेली.

बोललं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर हाकलून देतील आणि वर हसतील. नथूला तर जन्माचं खाद्य. पण बापाचा तांब्या होता तो. त्याच्याबद्दल खोटं कसं वागायचं?

"बाई," तो म्हणाला, "त्यांस्नी म्या भिववलंय."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. रोज सुई टोचायची, म्हणजे रोज मुक्या जिवाला हात लावायचा. न विचारता कसा लावायचा? म्हणून रोज पहाटे, बाई उठायच्या आधी, तो विहिरीचं पाणी काढायचा, एकेका उंदराच्या पाठीवर ओतायचा आणि अंग झाडायची वाट बघायचा. धडधाकट होते ते लगेच झाडायचे. हरभरा काढलेले मात्र कौल द्यायला फार वेळ लावायचे. एकेकाला दोन-दोन तांबे लागायचे. त्यातले दोन गारठून मेले, तेव्हा त्यांचा कौल नव्हताच असं त्याने धरलं होतं. सगळं झालं की कोरडा पेंढा घालायचा, म्हणून बाईंच्या ध्यानात कधी आलं नाही.

मोठ्या डॉक्टरांचं नाक मफलरहून लाल झालं. डिसेंबरच्या पहाटे, विहिरीच्या पाण्याने, एकवीस दिवस? ह्या माणसाला आत्ताच्या आत्ता काढा, असं ते म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी चोख मराठीत सांगितलं.

लीलाबाई पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "पाणी कोणत्या पेटीला घातलंत? नीट आठवून सांगा."

"समद्या पेट्यांस्नी."

"लालसुद्धा?"

"बाई, इचारायचं तर समद्यांस्नी इचारायचं. देवी काय चिंधीचा रंग बगत न्हाई."

बाई हसायला लागल्या. आधी गालात, मग चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले इतक्या. मोठे डॉक्टर त्यांच्याकडे काळजीने बघू लागले. मग बाई उठल्या आणि बोटाने दाखवत एकेक पेटी सांगू लागल्या. डॉक्टरांना इंग्रजीत आणि लगोलग हौशीरामला मराठीत, कारण प्रश्न त्याचा होता.

पाणी तिघांवरही पडलं, लाल-पिवळ्यांवर तर जास्तच. भीती तिघांनाही, गारठा तिघांनाही. पांढऱ्यांच्या डोक्यात हरभरा शाबूत. त्याने भिऊन हुकूम सोडला, घेवडा वाढ, संकट आलंय. घेवडे तुरीएवढे झाले. लालवाल्यांवरही तेच पाणी पडलं, पण हुकूम सोडायला डोक्यात कुणी नाही. त्यांचे घेवडे सुकले ते सुकलेच. आणि पिवळे? त्यांना हुकूम सुईतून मिळत होता, रोज ठरल्या मापाचा. भ्याले तरी सुईतलं माप वाढत नाही. म्हणून त्यांचे घेवडे मुगाएवढेच राहिले, ना कमी ना जास्त. माप खोटं नव्हतं. आपण एक प्रश्न विचारत होतो, तिकडे उंदीर दोन प्रश्नांची उत्तरं देत होते.

हौशीराम ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, की मग बिबट्याच्या शेळीचं खरं का? बाई म्हणाल्या, "अजून खरं म्हणायचं नाही. पाणी घातलेले आणि न घातलेले शेजारी शेजारी ठेवून परत बघायचं. मग म्हणायचं."

मोठ्या डॉक्टरांनी पेल्यातला गार चहा पिऊन टाकला आणि दोन महिने दिले. माणसाला काढायचं काय झालं, असं बाईंनी विचारलं, तेव्हा कॉलेजात ह्याच्याइतका प्रामाणिक माणूस आपल्याला अजून मिळालेला नाही असं काहीतरी पुटपुटत ते गाडीत बसले.

आता नव्याने पेट्या लागल्या. प्रत्येक रंगाच्या दोन. एक पाण्याची, एक कोरडी. पण पाणी कोण घालणार? हौशीराम अडून बसला. "इचारायला पानी घालंन," तो म्हणाला, "भिववायला न्हाई. त्यो तांब्या भिववायचा न्हाई." बाईंनी समजावलं, हौशीराम हलला नाही. शेवटी दोन महिने लीलाबाई स्वतः पहाटे पाचला शाल गुंडाळून, दुसऱ्या साध्या लोट्याने पाणी घालत राहिल्या. त्यांना सर्दी झाली ती हटेचना. हौशीराम त्यांच्यासाठी गवती चहा उकळून आणायचा आणि शिंका मोजायचा. बाई, ह्या थंडीनं तुमचाच घेवडा वाढायचा, असं तो एकदा गंभीरपणे म्हणाला, तर त्या म्हणाल्या की वाढू दे, सध्या त्याचीच गरज आहे.

आणि आता सुई टोचताना कौल कसा घ्यायचा? हा तिढा हौशीरामने आपला आपणच सोडवला. प्रत्येक उंदराला तो आधी पैरणीच्या आत, छातीशी धरून बसायचा. घाबरलेला जीव आधी आखडतो, मग हळूहळू सैल पडतो. सैल पडला की कौल. बयाबाईला हे कळल्यावर पैरण उकळायचा पाला तिने दुप्पट केला.

मार्चमध्ये वजनं झाली. धडधाकट आणि कोरडे: मूग. धडधाकट आणि ओले: तूर. हरभरा काढलेले लाल, ओले असोत की कोरडे: राळा. पिवळे दोन्हीकडे मूग. ह्या वेळी काट्यावर आधी हौशीरामला बघायला सांगितलं. त्याला आकडे वाचता येत नव्हते, पण दाणे येत होते. त्याने सगळे दाणे ओळीने बघितले, परत उलट ओळीने बघितले आणि बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसला.

पुढे वर्षभराने बाईंचा लेख छापून आला. त्यात एका ओळीत होतं, की उंदरांना रोज पहाटे गार पाण्याने भिजवले. शेवटी बारीक अक्षरांत हौशीरामचं नाव, वडिवळे गावासह. बाईंनी ते मराठी करून वाचून दाखवलं तेव्हा त्याने एकच तक्रार केली: पहिल्या उंदरांना भिजवलं नव्हतं, विचारलं होतं, ते कुठं लिहिलंय? तेवढी जागा छापणाऱ्यांकडे नव्हती.

पण लेख यायच्या आधी चैत्र आला, आणि वाघजाईची जत्रा. पहिला बोकड देवळापुढे उभा राहिला. हलगी वाजत होती, मुलाणी सुरी पुसत होता, आणि पाण्याचा मानकरी कुठं दिसेना. मग देवळामागून हौशीराम आला. मागे तीन दगडांच्या चुलीवर मोठं तपेलं ठेवलेलं, त्यातून वाफा येत होत्या. तांब्या त्याने तपेल्यात बुडवला, कोपर घालून पाणी बघितलं, बाळाचं बघतात तसं, आणि बोकडाजवळ गेला.

गावात चलबिचल झाली. गार पाण्याचा रिवाज वाडवडलांपासूनचा. नथूने तर दोन्ही हात कमरेवर ठेवले. "काय रं हौशा, बाळंतिनीला घालतूस का न्हाऊ? आता हळद-त्याल बी आण की."

हसू पिकलं. बयाबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे यायला निघाली होती, पण हौशीरामने मान हलवून तिला थांबवलं. त्याने नथूला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं लोणावळ्याचं सगळं सांगितलं. मोहरी, मूग, तूर, राळा. हरभरा हुकूम सोडतो आणि घेवडा ऐकतो. पंधरा वर्षं तुम्ही ज्याला हसलात ते खरं निघालंय, काट्यावर मोजून. रागाने नाही. पेरणीचं सांगावं तसं.

नथूने ऐकलं. खोटं म्हणावं तर छापणार होते. तरी तो नथू होता. त्याने विचारलं, की आठ-आठ दिवस हाकलेल्या बोकडाचं समजलं, पण इथं घटकाभर गार पाणी पडलं म्हणून घेवडा काय लगेच वाढतो?

"न्हाई वाढत," हौशीराम म्हणाला. "दिस लागत्यात त्याला, मला ठावं हाय. पर आपल्याला जाब पायजे बोकडाचा, हरभऱ्याचा न्हाई. त्या बिचाऱ्याला उगं कशापायी कामाला लावायचं?"

त्याने कोमट पाणी बोकडाच्या पाठीवर सावकाश ओतलं. बोकडाने कान हलवले, चारी पाय रुंदावले आणि असं काही मनसोक्त अंग झाडलं, की पुढे वाकून बघणारा नथू टोपीपासून धोतरापर्यंत भिजला.